आधी आबा बसतील

सोफा विकत घेऊन त्यावर वर्षानुवर्षं एकदाही न बसलेला माणूस जगात एकच, आणि तो माझा सख्खा मामा. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात, म्हणतात, तू वाढवून सांगतेस. मी वाढवून सांगते हे खरंय, आमच्या घरात सगळेच सांगतात. पण या गोष्टीत वाढवायला जागाच नाही. संभाजीनगरला गारखेड्यातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या मधोमध काकवीच्या रंगाचा, अस्सल कातड्याचा, तीन माणसं ऐसपैस मावतील असा सोफा होता, आणि मामा कायम त्याच्यासमोर फरशीवर उकिडवा, हातात फडकं घेऊन. त्याचा चहा फरशीवर, पेपर फरशीवर, दुपारची डुलकीसुद्धा फरशीवर. सोफ्याला पाठ टेकून बसशील का म्हटलं तर म्हणायचा, "बनियनचा घाम लागतो." नव्या माणसाला वाटायचं, साहेब बाहेर गेलेत आणि हा फर्निचर पुसायला आलेला गडी आहे. एकदा गॅसवाल्यानं त्यालाच विचारलं, "साब हैं क्या घर में?" मामा म्हणाला, "हैं ना." तो म्हणाला, "तो बुलाव ना मियाँ, दस्तखत होना." मामा निमूट आत गेला, शर्ट घातला, भांग पाडला आणि साहेब होऊन बाहेर आला.

मला चितेगावच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि लग्न होईपर्यंत मी मामा-मामीकडं राहिले, म्हणून हे सगळं मी या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. सोफ्याचं वेड त्याला सरकारी कचेरीत लागलं. साहेबांच्या केबिनमध्ये एक काळा कातडी सोफा होता. त्यावर गुत्तेदार-ठेकेदार बसायचे, पुढारी बसायचे, साहेबांचे मेहुणे तर आडवे व्हायचे. मामा फाईल छातीशी धरून शेजारी उभा. अशी उभ्या उभ्या त्याची अर्धी नोकरी गेली. पुढं बढती मिळत मिळत तो स्वतः त्या केबिनचा साहेब झाला, तर नेमकं तेव्हाच केबिनचं नूतनीकरण निघालं आणि सोफा भंगारात गेला! मामाच्या वाट्याला फिरती खुर्ची आली, तीही एका बाजूला कलणारी. तेव्हाच त्यानं ठरवून टाकलं की निवृत्त झालो की पहिला सोफा. आणि ठरवताना हेही ठरवलं की त्यावर पहिल्यांदा आबा बसतील. आबा म्हणजे त्याचे वडील, माझे आजोबा, लासूर स्टेशनजवळच्या आमच्या गावी राहायचे.

आता इथं आबांबद्दल सांगितलंच पाहिजे, नाहीतर मामा नुसता चक्रम वाटेल. आबा जवान होते तेव्हा गावात कुणाचं ढोर मेलं की आमच्या वस्तीला हाक यायची. ते ओढून न्यायचं, सोलायचं, आणि मान खाली घालून परत यायचं. ते काम नव्हतं, गावानं पिढ्यान्‌पिढ्या मानेवर ठेवलेलं जू होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तशी आबांनी आणि वस्तीतल्या त्यांच्या जोडीदारांनी विहिरीपाशी एकमेकांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला की आजपासून मेल्या ढोराला आणि त्याच्या कातड्याला शिवायचं नाही. गाव खवळलं. दळण बंद, किराणा बंद, शेतावरची मजुरी बंद. ही पोरं लासूरच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, पोती उचलून दिवस काढत राहिली, पण हटली नाहीत. तेव्हापासून आबांनी कातड्याला हात लावला नाही तो नाहीच. पायात रबराची चप्पल, घड्याळाला स्टीलचा पट्टा. मामानं पहिल्या पगारातून ट्रान्झिस्टर नेला, तर आबांनी त्याची कातडी पिशवी उतरवून परत त्याच्या हातात दिली आणि मग बातम्या लावल्या. गल्लीतल्या पोरांचा कातडी सीझन बॉल अंगणात आला तर काठीनं ढकलून बाहेर. हे सोवळं नव्हतं बरं का! सोवळ्याचं नाव काढलं तरी म्हातारा अंगावर यायचा. हा दिलेला शब्द होता.

हे सगळं माहीत असून मामानं कातडी सोफाच का आणला? मी त्याला तोंडावर विचारलं होतं. तो म्हणाला, "अगं, ओढायचं आपण आणि बसायचं दुसऱ्यांनी, असं किती दिवस चालायचं? आपण ओढायचं सोडलं, ते बरोबरच केलं. पण बसायचं कामून सोडायचं? आबांनी त्यावर मांडी ठोकून बसावं, म्हणजे हिशेब मिटला." बोलण्यात तर खोट नव्हती. पण आबांना हे आधी विचारावं, हे त्याला सुचलं नाही. तेवढी एक चूक त्यानं केली आणि मग वर्षानुवर्षं फडक्यानं पुसत बसला.

सोफा आला त्याच आठवड्यात मामानं आबांना बोलावून घेतलं. मामीनं पुरणपोळ्या केल्या. आबा दारात उभे राहिले, डोळे बारीक करून म्हणाले, "काय रं हे?"

"सोफा, आबा. अस्सल लेदर."

"लेदर मंजी?"

"कातडं."

आबा रागावले नाहीत, काही नाही. नाक जरा वर करून हवा हुंगली, "वास येतोय," एवढंच म्हणाले, आणि गॅलरीतली निळी प्लास्टिकची खुर्ची स्वतः ओढत आणून तिच्यावर बसले.

"आबा, तुमच्यासाठी आणलाय हो," मामा रडकुंडीला आला.

"तू बस की. म्या कुठं नको म्हणलो?"

"आधी तुम्ही."

"मला नाय जमायचं," आबा म्हणाले आणि पुरणपोळीवर तूप मागितलं. मामानं तिथल्या तिथं जाहीर केलं की आबा बसल्याशिवाय मीही बसणार नाही. "आणि मी?" मामीनं विचारलं. "तू बस की, तुला कोण नको म्हणतंय!" मामी तत्काळ बसली, पाय वर घेतले आणि मेथी निवडायला घेतली. ती आमच्या घरातली एकमेव शहाणी व्यक्ती.

वास येतोय, हे आबांचं वाक्य मामानं मनावर घेतलं. खरं कारण त्याला कळत नव्हतं असं नाही, पण दिलेला शब्द काही फडक्यानं निघत नाही, वास निघतो. माणूस आपल्या हाताला जे लागतं तेच धरतो. वास घालवायचा, म्हणजे आबा बसतील, एवढं त्यानं मनाशी घट्ट केलं आणि कामाला लागला. पहिल्यांदा भांड्याच्या साबणानं धुतला, तर सोफ्यावर भुरके डाग पडले. मग कुणीतरी सांगितलं, कातडं कोरडं पडतं, त्याला तेल पाजा. आमच्याकडं तेल म्हणजे करडईचं. मामानं ते चांगलं हातानं जिरवलं, पैलवानाची मालिश करावी तसं. घराला असा काही वास सुटला की खालच्या मजल्यावरचे वकील जिना चढून वर आले, "काय वहिनी, भजी चाललीत वाटतं?" म्हणाले आणि कुणी काही बोलायच्या आत सोफ्यावर बसलेसुद्धा. पांढऱ्या पँटीवर पाठीमागं तेलाचा नकाशा घेऊन ते तसेच कोर्टात गेले. त्यांनी पुढं बरेच दिवस मामाशी बोलणं टाकलं. मग मामानं व्हिनेगर लावून बघितलं, तर हॉलमध्ये लोणच्याची बरणी फुटल्यासारखं झालं. मग फोनवर कुठल्याशा व्हिडिओत त्यानं ऐकलं की कातड्याला कंडिशनर लागतं, झालं! माझी केसांची नवी कोरी बाटली त्या सोफ्यावर रिकामी झाली. मी घर डोक्यावर घेतलं. आठवडाभर सोफ्याला मोगऱ्याचा घमघमाट, आणि आबा नेमके त्याच आठवड्यात आले. दारातच थबकले. "कुणाचं लगीन हाय का घरात?" म्हणाले आणि गॅलरीतून खुर्ची घेऊन आले.

असे सगळे मार खाऊन झाल्यावर मात्र मामा शहाणा झाला आणि रीतसर शिकला. दर रविवारी सकाळी पडदे ओढून घ्यायचा, कारण आपल्याकडचं ऊन कातड्याला भेगा पाडतं. उन्हाळ्यात तर ते उघडायचेच नाहीत, त्यामुळं मार्चपासून पाऊस पडेपर्यंत आम्ही त्या हॉलमध्ये चाचपडत वावरायचो. मग मऊ ब्रशनं सांदीकोपऱ्यातली धूळ, त्यात मामीच्या साडीपिना, शेंगदाण्याची फोलं, माझं हरवलेलं एक कानातलं. मग पिळून पिळून कोरडं केलेलं फडकं, ओलावा लागावा पण पाणी दिसू नये असं. आणि हे पाणी नळाचं चालायचं नाही, त्यात क्षार असतात. आता संभाजीनगरात नळाला पाणी येतं तेच मुळी आठवड्यातून एकदा, तेही आलं तर. माणसं टँकरच्या मागं धावतात. मामा बॅटरीच्या दुकानातून शुद्ध पाण्याचे कॅन आणायचा. मामी म्हणायची, "घरच्यांना टँकरचं पाणी आणि सोफ्याला बॅटरीचं! पुढच्या जन्मी मला सोफा कर म्हणावं." जन्माबिन्मावर तिचा विश्वास नव्हता, पण राग आला की ती सगळंच बोलायची. पाणी वाळलं की कातड्याचं खास मलम, बोटभर घेऊन, गोल गोल, हळू हळू. पण कुठलीही नवी गोष्ट आधी पाठीमागं, दिसणार नाही अशा कोपऱ्यात लावून बघायची, एक दिवस थांबायचं आणि मगच पुढं. या कोपऱ्याचं त्याला पुढं पुढं इतकं कौतुक झालं की तो जगातल्या सगळ्या गोष्टींना ते लावायला लागला. नवं लोणचं ताटाच्या कडेला, नवं औषध अर्धी गोळी. मला स्थळ आलं तेव्हा सगळे मुलाचा पगार विचारत होते, मामा म्हणाला, "मुलगा दिसायला चांगलाय. पण आधी त्याच्या मावशीकडं जाऊन ये. कोपऱ्यात डाग पडला नाही तर पुढं सरकू." मी गेले, मावशी चांगली निघाली, आणि डाग अजून पडलेला नाही हे आपलं नशीब.

पाहुण्यांचे हाल तर विचारूच नका. दारात चपला काढल्या की मामा प्रेमानं त्यांच्या पाठीमागून फिरायचा, आणि ते प्रेम नसून तपासणी आहे हे त्यांना उशिरा कळायचं. मागच्या खिशात किल्ली, कंगवा? बाहेर. डोक्याला तेल? मानेमागं टॉवेल. जीन्सला पितळी बटणं? "तुम्ही इकडं बसा, इथं वारा चांगला लागतो," म्हणून थेट खाली सतरंजी. चहाचा कप हातात आला की मामा समोर असा टक लावून बसायचा की पाहुणा चटका सोसत एका घोटात चहा संपवायचा. सोफ्यावर बसलेली माणसं लस टोचून घ्यायला आल्यासारखी ताठ दिसायची. मामाला वाईट वाटायचं, तो म्हणायचा, "आरामात बसा की," पण नजर कपावरच.

आबा मात्र येत राहिले. सणाला, विहारातल्या कार्यक्रमाला, कधी उगाच नातीच्या, म्हणजे माझ्या, चौकशीला. लासूरहून पॅसेंजरनं यायचे, स्टेशनवरून रिक्षा. ते येणार म्हटलं की मामाचा आदला दिवस सोफ्यात जायचा. बेल वाजली की तो दार उघडून बाजूला व्हायचा आणि आबांच्या नाकाकडं बघत राहायचा. आबा "जयभीम" म्हणायचे, सोफ्याकडं बघायचे आणि वळून गॅलरीत जायचे. दर वेळी मामाचा चेहरा असा उतरायचा की मला म्हाताऱ्याचा राग यायचा. असं काय मोठं बिघडणार होतं? एकदा, फक्त एकदा टेकायचं होतं. मामी म्हणायची, "अहो, कातडं चोळून मऊ होतं, आबा नाही व्हायचे." मामा ऐकून न ऐकल्यासारखं करून पुन्हा बरणी उघडायचा.

मग आबांच्या मोतीबिंदूचं निघालं. म्हातारा बरीच वर्षं टाळत होता. शेवटी शेवटी त्यांना माणसं आवाजावरून ओळखावी लागत. मामानं त्यांना बळंच आणलं आणि इथल्या दवाखान्यात एका डोळ्याचं ऑपरेशन केलं. दुपारी घरी घेऊन आलो तेव्हा त्या डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यानं तसंही काही दिसत नव्हतं. त्यात उन्हाळा, म्हणजे पडदे ओढलेले, हॉलमध्ये अंधार. आबांची खुर्ची गॅलरीत होती, आणि मामीनं तिच्यावर कुरडयांचं ताट वाळत घातलं होतं. मी आबांचा हात धरला होता, तो त्यांनी सोडवून घेतला, "येतंय मला," म्हणाले आणि चाचपडत पुढं निघाले. हाताला सोफ्याचा हात लागला. तो त्यांनी धरला, वळले आणि बसायला वाकले.

मामा औषधांची पिशवी घेऊन दारात उभा होता. मामीनं ओठांवर बोट ठेवलं. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, बसू दे! म्हाताऱ्याला कळायचंही नाही आणि मामाचा जीव एकदाचा भांड्यात पडेल. ज्या क्षणासाठी या माणसानं आपले सगळे रविवार घातले होते तो क्षण आपल्या पायानं चालत आला होता. मग तो म्हणाला, "आबा, थांबा. खुर्ची नाय ती. सोफाय. कातड्याचा."

आबा तसेच वाकलेले राहिले. मग हळूहळू सरळ झाले, सोफ्यावरचा हात काढला आणि धोतराला पुसला. "बरं झालं सांगितलंस," म्हणाले. मामीनं कुरडया भराभर परातीत ओतल्या आणि खुर्ची आणून दिली. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात मामावर चिडली, "गप्प राहिला असतात तर काय आभाळ कोसळणार होतं?" मामा खाली बघून म्हणाला, "अगं, सगळं गाव अंगावर आलं तरी त्यांनी शब्द मोडला नाही. आणि मी त्यांच्या डोळ्यावर पट्टी असताना तो मोडून घेऊ? मग मी कुणाचा पोरगा?" मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आबा घरी आले ते प्रत्येक गोष्टीकडं नव्यानं बघत. मामीला म्हणाले, "आगं, तू कवा म्हातारी झालीस?" मला म्हणाले, "ही तर आईवर गेलीय की." मग हात पाठीमागं बांधून सोफ्यापुढं उभे राहिले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतला. "लई चकाकतंय रं," ते म्हणाले. मामाला राहवलं नाही. "आबा, वास येतो का अजून?"

"वास तर कवाच गेलाय. म्या काय वासापायी बसत नव्हतो व्हय?" आबा खुर्चीत बसले. "विहिरीपाशी ज्यांच्या हातावर हात ठिवला हुता ते एकेक करून गेले. आता म्या एकलाच राहिलो. म्या बी मोडलं तर त्यांच्या माघारी राहिलं काय? म्हणून नाय बसत." मग ते म्हणाले, "पर तू कामून उभा हायेस? तुला कुणी आण घातली? आम्ही ते काम सोडलं ते कशापायी? आमची पोरं बसावीत म्हणूनच की. बस."

"आधी तुम्ही, आबा."

"आरं, मला आजच दिसाया लागलंय. तुला बसल्यालं बघू दे की मला."

मामा बसला. अगदी कडेला, त्याचे पाहुणे बसायचे तसा. आबा म्हणाले, "असं नाय. नीट टेकून. सायबावाणी." मामा मागं सरकला, पाठ टेकली, दोन्ही हात दोन्हीकडं पसरले आणि एवढा साठीचा माणूस, ओक्साबोक्शी रडायला लागला. रडता रडता त्याचा हात आपसूक फडकं शोधायला लागला. "डोळ्याचं पाणी खारं असतं," तो हुंदक्यातच म्हणाला, "डाग पडतो."

"पडू दे," आबा म्हणाले.

त्यानंतर आबा यायचे तेव्हा मामाला आधी सोफ्यावर बसवायचे आणि मग समोर आपल्या खुर्चीत बसून गावाकडच्या गप्पा सांगायचे. पाहुण्यांच्या खिशांची तपासणी कमी झाली, वकीलसुद्धा पुन्हा यायला लागले. मामाचे ते दिवस फार सुखाचे गेले. आबा मागच्या हिवाळ्यात गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता.

परवा मी मुलांना घेऊन गारखेड्याला गेले होते. मुलं सोफ्यावर नाचत होती, मामा त्याच्याच एका कोपऱ्यात बसून होता आणि त्यांना काहीच म्हणत नव्हता. कातड्याला बारीक भेगा पडल्यात. मी म्हटलं, "मामा, मलम लावत नाहीस का रे आता?" तो म्हणाला, "लावतो की, आठवण झाली की." मग मुलं गॅलरीत पळाली आणि घर जरा शांत झालं. तो सोफ्यावर हात फिरवत म्हणाला, "बसायला काय गं, कुणीबी बसतंय. बसल्यालं बघणारं माणूस पाहिजे." मी उठून त्याच्यासमोर फरशीवर बसले आणि चहा येईपर्यंत त्याच्याकडं बघत राहिले.